हिरवा दिवा आणि जुना दर: झीरोएमक्यूच्या सेटिंगचं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाचं हे प्रकरण आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, ॲनालायझरवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, दरपत्रकाप्रमाणे हिशेब होतो आणि उत्पादकाच्या हातात पावती पडते. दरपत्रक म्हणजे एक भलामोठा तक्ता. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, तिथून वर-खाली प्रत्येक पॉइंटला दर बदलतो. म्हशीचा तक्ता वेगळा. संघाने दर बदलला की नवा तक्ता रात्री सर्व्हरवरून सगळ्या केंद्रांना जातो आणि सकाळच्या संकलनापासून लागू होतो.

तक्रार अशी होती की दर बदलल्यावर दुसऱ्या दिवशी काही केंद्रांवर जुन्याच दराने पावत्या निघत. कुठल्या केंद्रांवर, ते दर वेळी वेगळं. सचिवांचा फोन यायचा, "साहेब, शेजारच्या गावात नवा दर लागलाय, आमच्यात जुनाच छापतोय. लोकं विचारायला लागलीत." सपोर्टवरचा मुलगा म्हणायचा, "अण्णा, बॉक्स एकदा बंद करून चालू करा." बॉक्स चालू झाला की नवा दर यायचा. पण तोवर निम्मी रांग पुढे सरकलेली असायची आणि त्या पावत्यांमधला फरक दहा दिवसांच्या बिलात जमा करत बसावं लागायचं. लिटरमागे रुपया-दोन रुपयांचा फरक असला तरी पावतीवरचा आकडा चुकीचा निघणं ही लहान गोष्ट नाही. उत्पादकाच्या हातात पुरावा म्हणून तो एक कागदच असतो.

माझ्याकडे हे काम आलं तेव्हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने यावर बरंच डोकं घातलेलं होतं. त्यांचं मत होतं की दोष मोबाइल नेटवर्कचा आहे आणि त्याला इलाज नाही. नेटवर्कचा वाटा होताच. पण इलाज होता, आणि तो यात वापरलेल्या झीरोएमक्यूच्या, म्हणजे संगणकांमध्ये संदेश नेणाऱ्या तयार लायब्ररीच्या, सेटिंगमध्येच होता.

मांडणी काय होती

प्रत्येक केंद्रावर लिनक्सवर चालणारा एक छोटा बॉक्स, त्याला ४जी राउटर. सर्व्हर सार्वजनिक पत्त्यावर. दोघांमधला संवाद झीरोएमक्यूवर. मोबाइल डेटावर केंद्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे सर्व्हर बाइंड करतो, म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर वाट पाहतो, आणि केंद्रं कनेक्ट करतात. इथवर सगळं रीतसर.

सॉकेट, म्हणजे संदेश जिथून जातो-येतो ती टोकं, तीन प्रकारची. दरपत्रक पाठवायला सर्व्हरवर पब आणि केंद्रावर सब. पावत्या आणि कूलरचं तापमान वर पाठवायला केंद्रावर पुश आणि सर्व्हरवर पुल. आणि बॉक्स सुरू होतानाच 'सध्याचा तक्ता द्या' असं एकदा विचारायला रेक. पब सॉकेट जुने संदेश राखून ठेवत नाही. जो आत्ता जोडलेला आहे त्यालाच आत्ताचा संदेश मिळतो. त्यामुळे सुरुवातीची ही विचारणा आवश्यकच होती, आणि ती ज्याने घातली त्याने योग्यच केलं.

सेटिंग मात्र एकही केलेलं नव्हतं. सब सॉकेटला विषयाचं सबस्क्रिप्शन दिल्याशिवाय काहीच येत नाही, म्हणून तेवढं एक. बाकी सगळं लायब्ररी जसं देते तसं. नंतर कुणीतरी हाय वॉटर मार्क, म्हणजे संदेशांच्या रांगेची मर्यादा, एक लाखावर नेऊन ठेवला होता. त्यामागचा तर्क असा की रांग भरली की पब सॉकेट पुढचे संदेश मुकाट्याने टाकून देतं, तेव्हा रांगच मोठी करू. नियम खरा आहे, पण इथे लागू होत नाही. रात्रीतून एक तक्ता जातो. मुळातली एक हजाराची मर्यादा एका संदेशाने कशी भरेल?

वीज जाणाऱ्या गावांना नवा दर कसा मिळायचा

मी आधी तक्रारींची यादी घेऊन केंद्रांच्या दोन रांगा केल्या, जिथे कधीच तक्रार नाही ती एकीकडे आणि जिथे वारंवार आहे ती दुसरीकडे. तक्रार नसलेल्यांत दोन प्रकारची केंद्रं निघाली. काही ठिकाणी मोबाइल डेटाऐवजी फायबरची जोडणी होती. आणि काही गावं अशी, जिथे रात्री वीज हमखास जाते आणि बॉक्सला बॅकअप नाही.

ही दुसरी गोष्ट पाहिल्यावर सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण उपकरणांची सर्वांत वाईट अवस्था त्याच गावांत होती. पण हिशेब सरळ आहे. पहाटे वीज आली की बॉक्स नव्याने सुरू होतो, रेकने तक्ता मागतो आणि नवा दर लागतो. ज्या गावात वीज टिकते तिथे बॉक्स दिवसेंदिवस चालू राहतो, आणि तिथेच दर चुकतो. म्हणजे फार काळ शांतपणे उघडी राहिलेली सब जोडणी बिघडत होती, आणि ती मोबाइल नेटवर्कवरच बिघडत होती.

कंपनीचा आक्षेप होता, "पण डॅशबोर्डवर ती केंद्रं हिरवी दिसतात. रात्रभर ऑनलाइन आहेत." दिसत होतीच. हिरवा दिवा तापमानाच्या संदेशांवरून लागायचा, आणि बॉक्स दर पाच सेकंदांनी तापमान पाठवायचा. पण ते पुश सॉकेटवरून जातं. झीरोएमक्यूमध्ये पुशची टीसीपी (पोच घेत डेटा नेणारी) जोडणी वेगळी, सबची वेगळी. एक चालू आहे म्हणून दुसरी चालू असेलच असं नाही. दिवा एका जोडणीची खबर देत होता आणि सगळे जण तो दोन्हींचा समजून चालले होते.

रात्री अकरा वाजता दोन टोकांवर

खात्री करायला चाचणीचा एक तक्ता ठरवून रात्री पाठवला आणि सर्व्हर व एका केंद्राचा बॉक्स या दोन्हींवर एसएस ही जोडण्यांची अवस्था दाखवणारी कमांड टायमरच्या रकान्यासह चालवत बसलो.

पाठवण्याआधी दोन्हीकडे जोडणी 'एस्टॅब' म्हणजे प्रस्थापित. सर्व्हरने तक्ता पाठवला. लायब्ररीच्या सेंड फंक्शनने यश कळवलं आणि लॉगमध्ये 'दरपत्रक पाठवले' अशी ओळ पडली. सर्व्हरवर त्या केंद्राच्या ओळीत सेंड-क्यूचा, म्हणजे पोच न मिळालेल्या डेटाचा, आकडा मात्र शून्यावरून वर गेला आणि तिथेच अडकला. शेजारी पुनर्प्रेषणाचा (पुन्हा पाठवण्याचा) टायमर सुरू झाला आणि प्रत्येक वेळी दुप्पट होत गेला. लिनक्समध्ये अशा पुनर्प्रेषणांची मूळ मर्यादा १५ आहे. त्याचा हिशेब कमीत कमी ९२४.६ सेकंद, म्हणजे साधारण साडेपंधरा मिनिटांवर जातो. तेवढा वेळ झाल्यावर सर्व्हरवरून ती ओळच नाहीशी झाली.

बॉक्सवर मात्र काहीच हललं नाही. तिथे तीच ओळ, तोच पोर्ट, 'एस्टॅब', टायमरचा रकाना रिकामा. पहाटेही तसंच. सर्व्हरच्या लेखी जोडणी मेलेली आणि केंद्राच्या लेखी जिवंत.

हे असं का होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी सेटिंग त्यावरून ठरली. मोबाइल कंपनीच्या जाळ्यात हजारो ग्राहक मोजके सार्वजनिक पत्ते वाटून घेतात. मधलं यंत्र प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतं, आणि जोडणीवर काही काळ काहीच वाहिलं नाही की ती नोंद पुसतं. याविषयीचं इंटरनेटचं मानक आरएफसी ५३८२ हे २००८ सालचं. ते सांगतं की प्रस्थापित टीसीपी जोडणीची नोंद २ तास ४ मिनिटांच्या आत पुसू नये. प्रत्यक्षात मोबाइल जाळ्यांवर ही मुदत अनेकदा काही मिनिटांचीच असते. आम्ही या केंद्रावर पाहिलं तर पाच मिनिटं शांत राहिलेली जोडणी चालायची आणि अर्धा तास शांत राहिलेली चालत नसे. नोंद पुसल्याचं दोन्ही टोकांना कुणी कळवत नाही. त्यानंतर सर्व्हरकडून आलेलं पाकीट त्या यंत्रापाशी येऊन गळून पडतं.

टीसीपीला हे का कळू नये? कारण सब सॉकेट काही बोलतच नाही. जोडणी झाली की एकदा सबस्क्रिप्शन पाठवतं आणि मग फक्त ऐकतं. ज्याने काही पाठवलंच नाही त्याला पोच न मिळाल्याचं कळणार कसं? टीसीपीची कीपअलाइव्ह नावाची, शांत जोडणी जिवंत आहे का हे तपासणारी सोय आहे, पण १९८९ च्या आरएफसी ११२२ ने ती मुळात बंद ठेवायला आणि तिची किमान मुदत दोन तासांची धरायला सांगितलं. लिनक्सवर आजही ७२०० सेकंद हाच मूळ आकडा आहे. झीरोएमक्यू कीपअलाइव्हचा मूळ आकडा उणे एक ठेवतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम म्हणेल तसं. आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते, बंद.

हा उणे एक या लायब्ररीत जागोजागी भेटतो. रिसीव्ह टाइमआउट उणे एक, सेंड टाइमआउट उणे एक, लिंगर (बंद होताना न गेलेल्या संदेशांसाठी थांबायची मुदत) उणे एक. या तिन्हींचा अर्थ 'अनंतकाळ थांब' असा आहे. याला मी लायब्ररीचा दोष म्हणणार नाही. आयमॅटिक्स कंपनीत २००७ च्या सुमारास पीटर हिंटयेन्स आणि मार्टिन सुस्त्रिक यांनी झीरोएमक्यूचं काम सुरू केलं, तेव्हा वेगवान स्थानिक जाळ्यावर मधल्या ब्रोकर म्हणजे मध्यस्थ सर्व्हरशिवाय संदेश पोचवायचे हा हेतू होता. किती वेळ शांतता असली म्हणजे गडबड समजायची, हे लायब्ररीला माहीत असण्याचं कारण नाही. शेअर बाजाराच्या भावांना दोन सेकंदांची शांतता खूप झाली. दूध संघाच्या दरपत्रकाला दहा दिवसांची शांतता नेहमीचीच. हा आकडा वापरणाऱ्याने द्यायचा असतो, आणि इथे तो कुणीच दिलेला नव्हता.

हृदयस्पंदन, आणि ओळींचा क्रम

झीरोएमक्यूच्या ४.२ या २०१६ च्या आवृत्तीपासून लायब्ररीतच हार्टबीटची, म्हणजे समोरचा जिवंत आहे का हे ठरावीक वेळाने विचारण्याची सोय आहे. तीन सेटिंग आहेत आणि तिन्ही मिलिसेकंदांत. इंटरव्हल म्हणजे किती वेळाने पिंग (ती विचारणा) पाठवायचं. मूळ आकडा शून्य, म्हणजे पाठवायचंच नाही. टाइमआउट म्हणजे पिंगनंतर किती वेळ काहीच आलं नाही तर जोडणी मेली समजायची. आणि टीटीएल म्हणजे समोरच्याला दिलेला निरोप, की माझ्याकडून इतका वेळ काहीच आलं नाही तर तूही मला सोडून दे.

आम्ही केंद्राच्या सब सॉकेटवर इंटरव्हल ३०,०००, टाइमआउट २०,००० आणि टीटीएल ९०,००० ठेवलं. तीस सेकंद यासाठी की जाळ्याची मुदत मिनिटांत असली तरी जोडणी कधी तिच्या जवळपासही शांत राहू नये. टाइमआउट वीस सेकंदांचं, कारण रेंज कमी झाली की काही केंद्रं २जीवर उतरतात आणि तिथे उत्तर यायला काही सेकंद सहज लागतात. पाच सेकंद ठेवले असते तर धड चालणाऱ्या जोडण्याही तुटत-जुळत राहिल्या असत्या. म्हणजे वाईटात वाईट पन्नास सेकंदांत केंद्राला जोडणी मेल्याचं कळतं, लायब्ररी ती स्वतः सोडते, नवी जोडते आणि सबस्क्रिप्शनही आपणहून पुन्हा पाठवते.

डेटा किती जाईल, असा प्रश्न संघाच्या अधिकाऱ्यांनी विचारला, आणि तो रास्त होता, कारण सिमचा खर्च केंद्रागणिक आहे. पिंगचा संदेश नऊ बाइटचा असतो: एक बाइट ध्वजाचा, एक लांबीचा, एक नावाच्या लांबीचा, चार नावाचे आणि दोन टीटीएलचे. पाँग, म्हणजे त्याचं उत्तर, सात बाइटचं. टीसीपी-आयपीची वेष्टणं आणि पोच धरून एक फेरी पावणेदोनशे बाइटच्या आसपास जाते. दिवसाच्या २८८० फेऱ्यांचा अर्धा एमबी. महिन्याला पंधरा. प्रश्न मिटला.

पहिला पॅच, म्हणजे दुरुस्त कोड, केंद्रांवर गेला आणि काहीच फरक पडला नाही. कोडमध्ये तिन्ही सेटिंग बरोबर होती, आकडे बरोबर होते, सेट करणाऱ्या फंक्शनने यशाचा शून्य परत दिला होता. पण त्या तीन ओळी कनेक्टच्या खाली होत्या. झीरोएमक्यूची बहुतेक सेटिंग त्यानंतरच्या बाइंड-कनेक्टलाच लागू होतात. आधीच झालेल्या जोडणीला ती शिवत नाहीत आणि कुठे चूकही दाखवत नाहीत. सबस्क्रिप्शन, लिंगर असे काही मोजके अपवाद आहेत, आणि गोंधळ त्यामुळेच होतो. सबस्क्रिप्शन कनेक्टच्या खाली लिहिलेलं चालतं, म्हणून माणूस बाकीची सेटिंगही बिनधास्त तिथेच लिहितो. ओळी वर नेल्या, आणि या वेळी कोड वाचून समाधान न मानता टीसीपीडंप या तारेवरची पाकिटं दाखवणाऱ्या साधनावर पाहिलं. दर तीस सेकंदांनी नऊ बाइट जाताना आणि सात येताना दिसले, तेव्हाच पॅच पुढे गेला. सेटिंग लागलं की नाही हे तारेवर पाहायचं, असा नियम तेव्हापासून त्या टीममध्ये पडला आहे.

काही जुन्या बॉक्सवर लायब्ररीची ४.२ च्या आधीची आवृत्ती होती. तिथे हार्टबीट नाही, पण कीपअलाइव्ह सॉकेटपुरतं चालू करता येतं. १२० सेकंद शांतता झाली की तपासणी, मग दर ३० सेकंदांनी, चार वेळा उत्तर नाही आलं तर जोडणी बंद. म्हणजे चार मिनिटं. दरपत्रकासाठी तेवढं पुरतं.

जोडणी जिवंत आहे म्हणजे दर बरोबर आहे का?

इथे टीम थांबायला तयार होती. मला ते पटलं नाही.

कीपअलाइव्हला उत्तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, देतो. सर्व्हरचा प्रोग्राम अडकून पडला असला तरी कर्नल पोच देत राहील. हार्टबीट त्याहून एक पायरी वर, पण तिथेही पाँग लायब्ररीचा पार्श्वभूमीला चालणारा आयओ थ्रेड, म्हणजे कामाचा वेगळा धागा, देतो. तक्ता पाठवणारा मुख्य थ्रेड बंद पडला तरी पाँग येतच राहील. आणि पुन्हा जोडणी होण्याच्या त्या पन्नास सेकंदांतच तक्ता गेला तर? पब सॉकेट तो पुन्हा देणार नाही. हार्टबीटने तार शाबूत असल्याचं कळतं, हातातला तक्ता ताजा असल्याचं कळत नाही. संघाला तर नेमकं तेच हवं होतं.

म्हणून सर्व्हर आता दर मिनिटाला एक छोटा संदेश पाठवतो. त्यात चालू दरपत्रकाचा क्रमांक आणि तो लागू होण्याची तारीख-वेळ, बस्स. केंद्र आपल्याकडचा क्रमांक ताडून पाहतं. मागे असेल तर रेकने पूर्ण तक्ता मागवतं. तक्ता चुकला तरी मिनिटभरात ते उघडकीला येतं. सब सॉकेटला १,५०,००० मिलिसेकंदांचा रिसीव्ह टाइमआउट दिला, म्हणजे अडीच मिनिटं काहीच आलं नाही तर वाचणाऱ्या फंक्शनमधून बाहेर पडायचं आणि पडद्यावर तसं सांगायचं.

दर मिनिटाला संदेश जातोच आहे, मग हार्टबीट कशाला, असं टीममधल्या एका मुलीने विचारलं. प्रश्न चांगला होता. केंद्राकडून जाणाऱ्या पोचेमुळे मधली नोंद ताजी राहील हे खरं. पण जोडणी तरीही मेलीच तर सॉकेट बंद करून नवं उघडण्याचं काम आपल्या कोडला करावं लागेल. हार्टबीट असलं की ते लायब्ररी करते. शिवाय टीटीएलमुळे सर्व्हरही मेलेल्या केंद्रांना दीड मिनिटात विसरतो, त्यांच्यासाठी रांगा धरून बसत नाही. दोन्ही ठेवली.

मग प्रश्न आला की अडीच मिनिटांनी पडद्यावर सांगायचं काय, आणि करायचं काय. तो प्रोग्रामरने ठरवायचा नव्हता. टीमचा पहिला विचार संकलन थांबवण्याचा होता. संघाच्या संकलन अधिकाऱ्यांनी तो तिथल्या तिथे खोडला. दूध काढलेलं आहे, माणसं कॅन घेऊन उभी आहेत, दूध लवकरात लवकर चार अंशांवर जायला हवं. नेट नाही म्हणून माप थांबवता येणार नाही. ठरलं ते असं: माहीत असलेल्या शेवटच्या दराने पावती द्यायची, तिच्यावर 'दर तात्पुरता' असं छापायचं, आणि पडद्यावर दर शेवटचा कधी तपासला ती वेळ दाखवायची. जोडणी आली की फरक आपोआप निघतो. सचिवांना आता रांगेसमोर उत्तर देता येतं, "दर अजून आलेला नाही, पावतीवर तसं लिहिलंय, फरक बिलात मिळेल."

रेक सॉकेटचाही एक सापळा याच कामात निघाला. रेकला पाठवा-घ्या, पाठवा-घ्या हा क्रम सक्तीचा. विचारणा गेली आणि उत्तर वाटेत हरवलं तर ते उत्तराची वाट पाहत बसतं, दुसरी विचारणा करू देत नाही. त्यामुळे पहाटे रेंज नसताना सुरू झालेला बॉक्स कधीकधी 'दरपत्रक घेत आहे' या पडद्यावरच अडकायचा. दहा सेकंदांचा रिसीव्ह टाइमआउट, उत्तर नाही आलं तर लिंगर शून्य करून सॉकेट बंद, नवं उघडून पुन्हा विचारणा. रिलॅक्स्ड आणि कोरिलेट ही दोन सेटिंग लावूनही हे साधतं, पण बंद करून उघडणं वाचणाऱ्याला लगेच समजतं, म्हणून तेच ठेवलं.

पावती का अडकायची

दराचं काम चालू असताना दुसरी एक तक्रार त्याच मुळापाशी पोचली. तास-दीड तास नेट गेलं की काही केंद्रांवर पावती छापणंच थांबायचं. पडदा गोठायचा.

पुश सॉकेटची रांग भरली की ते पबसारखं संदेश टाकत नाही, पाठवणाऱ्याला थांबवून धरतं. सेंड टाइमआउट उणे एक, म्हणजे कायमचं. आणि त्या एकाच पुश सॉकेटवर पावत्याही होत्या आणि दर पाच सेकंदांचं तापमानही. एक हजाराची रांग पाच सेकंदांच्या हिशेबाने ५००० सेकंदांत भरते, म्हणजे एक तास तेवीस मिनिटांत. हाय वॉटर मार्क काटेकोर नसतो. लायब्ररीच्या कागदपत्रांतच म्हटलंय की खरी मर्यादा ६०-७० टक्क्यांनी कमीही भरू शकते. म्हणजे त्याच्या बऱ्याच आधीही. तापमानाचे शिळे आकडे रांग भरत होते आणि त्यांच्या मागे माणसाची पावती अडकत होती.

एक लाखाचा हाय वॉटर मार्क इथे लावला तर काय होईल? गोठण्याची वेळ पुढे ढकलली जाईल आणि वीज गेली की एक लाख संदेश मेमरीतून एकदम जातील. रांग म्हणजे साठवण नव्हे. पावती आता आधी बॉक्सवरच्या एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये लिहिली जाते, छापली जाते, मग पाठवली जाते. सर्व्हरकडून त्या पावतीच्या क्रमांकाची पोच आली तरच 'पोचली' अशी खूण होते. तापमानाला वेगळं पुश सॉकेट दिलं आणि त्यावर कॉन्फ्लेट लावलं, म्हणजे रांगेत फक्त शेवटचा आकडा राहतो. कूलर आत्ता किती अंशांवर आहे एवढंच डॅशबोर्डला हवं असतं. मागचे आकडे बॉक्सवर नोंदलेले असतातच. कॉन्फ्लेट अनेक भागांचा संदेश घेत नाही, म्हणून केंद्र क्रमांक, वेळ आणि अंश एकाच भागात बांधावे लागले. पावत्यांच्या सॉकेटचा हाय वॉटर मार्क शंभरावर आणला आणि पाठवणं न थांबणारं केलं. जागा नसेल तर संदेश डेटाबेसमध्ये आहेच, पुढच्या फेरीत जाईल.

लिंगरचं काम थोडक्यात आटोपलं. रांगेत संदेश असताना प्रोग्राम बंद केला की उणे एकमुळे तो ते पोचेपर्यंत थांबून राहायचा, आणि नव्वद सेकंदांनी लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद करणारं सिस्टिमडी त्याला मारून टाकायचं. अपडेट लावताना दर केंद्रामागे ही दीड मिनिटं जायची. पावत्यांना पाच सेकंद, बाकीच्यांना शून्य.

पुन्हा जोडण्याचा अवधी मुळात १०० मिलिसेकंदांचा आणि न वाढणारा असतो. सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद असला की प्रत्येक बॉक्स तितक्याच घाईने प्रयत्न करत राहायचा आणि डेटा खायचा. एक सेकंदापासून सुरुवात आणि साठ सेकंदांपर्यंत वाढ, असं केलं.

हे सगळे आकडे आता कोडमध्ये विखुरलेले नाहीत. प्रत्येक सॉकेटमागे एक नोंद आहे: त्यावरून काय जातं, हरवलं तर कुणाचं नुकसान, किती शांतता चालेल, आणि तो आकडा कुणी ठरवला. तात्पुरत्या दराच्या पावतीसमोर संकलन अधिकाऱ्यांचं पद लिहिलेलं आहे, हार्टबीटसमोर टीमचं. डॅशबोर्डवरचा हिरवा दिवाही बदलला. प्रत्येक केंद्रासमोर आता दोन दिवे असतात, एक 'केंद्राकडून येतं' आणि एक 'केंद्राला पोचतं'. दुसरा दिवा केंद्राने शेवटचा पाहिलेला दरपत्रक क्रमांक वर कळवल्यावरच हिरवा होतो. दर बदलल्याच्या रात्री संघातला माणूस झोपण्याआधी तो एक रकाना पाहतो, आणि जिथे जुना क्रमांक दिसेल त्या गावच्या सचिवांना पहाटे माप सुरू व्हायच्या आत फोन जातो.